गाळ काढण्याचे दिवस

इस्त्रीचे कपडे खाली नेऊन देण्याचे काम आमच्या घरात कित्येक वर्षे लेकीकडे आहे. त्यामुळे २०२४ च्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास दोन झब्बे आणि एक सुती साडी घेऊन मी स्वतः टपरीपाशी जाऊन उभी राहिले, तेव्हा इस्त्रीवाल्या काकांनी मान वर करून माझ्याकडे क्षणभर पाहिले. पावसाची बारीक भुरभुर चालली होती आणि पत्र्यावरून गळणारे पाणी खाली ठेवलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यात टपटपत होते. एरवी त्या टपरीच्या चार पावले अलीकडेच निखाऱ्यांचा उबदार, किंचित करपल्यासारखा वास येतो. त्या दिवशी तो वास नव्हता. इस्त्रीचे झाकण उघडून, आतली राख झाडून काकांनी ती मांडीवर घेतली होती आणि चिंचेचा कोळ लावून ते तिचे पितळ घासत होते. "ताई, हल्ली दिवसाच्या खाली दिसता," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता; रोज एकाच जागी बसणाऱ्या माणसाच्या नजरेला जे दिसते, ते त्यांनी सांगितले होते. मी म्हणाले, "हो, सध्या जरा निवांत आहे." मग काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "आज कपडे नाहीत वाटतं?" ते इस्त्री उलटी करून तिच्या तळाशी बोट फिरवत म्हणाले, "येतील की गणपतीच्या आधी. काम नसलं की हिच्याकडं बघायचं. काम असल्यावर बघायला सवड कुठं घावती?"

जिना चढताना मला त्यांच्या प्रश्नापेक्षा माझे उत्तर टोचत राहिले. मी निवांत मुळीच नव्हते. निवांतपणाला एक ओलसर, सैलसर सुख असते, दुपारच्या झोपेतून उठल्यावर येते तसे. माझ्या वाट्याला आलेली गोष्ट निराळी होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून माझ्याकडे काम नव्हते आणि काम नाही हे वाक्य मी घरातल्या कुणाजवळही मोठ्याने उच्चारले नव्हते.

मी अनुवादक आहे. इंग्रजीतून मराठीत आणणे हा माझा २००६ पासूनचा व्यवसाय. कुणाच्या आस्थापनेवर नाही, पगार नाही, दर शब्दामागे पैसे. अशा माणसाचे काम आटते तेव्हा ते एखाद्या दिवशी आटत नाही. नोकरी गेलेल्या माणसाच्या हातात निदान एक पत्र असते, त्यावर तारीख असते, त्या तारखेपासून दुःख मोजता येते. आमच्याकडे नुसती मेल येण्याची थांबते. पहिला आठवडा बरा वाटतो, कपाटे आवरली जातात. दुसऱ्या आठवड्यात आपण संगणक सुरू आहे ना, इंटरनेट चालू आहे ना, हे तपासू लागतो. तिसऱ्या आठवड्यात सकाळी अकराच्या घराचे आवाज ऐकू येऊ लागतात, जे एवढी वर्षे त्याच घरात बसून कधी ऐकलेले नसतात: वरच्या मजल्यावरचा खलबत्ता, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, पंख्याची प्रत्येक फेरीत एकदाच होणारी कुरकुर. मी रोज आंघोळ करून, केस विंचरून, दहाच्या ठोक्याला मेजाशी बसत होते आणि कळफलक वाजवत होते, केवळ पलीकडच्या खोलीत सासूबाईंना तो वाजल्याचे ऐकू यावे म्हणून. एका सकाळी त्या दाराशी येऊन म्हणाल्या, "आज फार काम दिसतंय, चहा आणून देऊ का?" तो चहा मला गिळता गिळेना.

कारणे मला ठाऊक नव्हती असे नाही. माझ्या कामातला निम्म्याहून अधिक वाटा एकाच एजन्सीकडून येत होता, हे मी चार वर्षे बघत होते आणि चार वर्षे त्यावर पांघरूण घालत होते. ती वेळेवर पैसे देत असे, माणसे सौजन्याने बोलत, मग बाकीच्या दहा ठिकाणी कशाला दारे वाजवायची? शिवाय यंत्र होतेच. गूगलने २०१७ च्या एप्रिलमध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांना नव्या पद्धतीचे यांत्रिक भाषांतर लागू केले, त्या दिवशी मी कुतूहलाने त्याला दहा वाक्ये घातली होती आणि त्यांतली सहा बरी आलेली पाहून पोटात बारीकसा गोळा आला होता. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आले. तरीही काम येत राहिले, आणि काम येत असते तोवर माणूस भिंतीतल्या ओलीकडे पाहत नाही. जूनमध्ये त्या एजन्सीने कळवले की यापुढे मजकूर आधी यंत्राकडून भाषांतरित करून घेतला जाईल आणि अनुवादकाने तो फक्त तपासायचा. दर शब्दाला चाळीस पैसे. मला त्याआधी दीड रुपया मिळत असे. मी उत्तर द्यायला दोन दिवस लावले आणि त्यानंतर मेलच आली नाही.

भीतीपोटी माणूस पहिली गोष्ट करतो ती चुकीची करतो, हे मी अनुभवाने सांगते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी एका रात्री बसून चाळीसएक एजन्सींना एकच मेल पाठवली. नावे बदलली, मजकूर तोच, आणि शेवटी 'दराबाबत चर्चेस तयार' असे वाक्य. त्यांतल्या दोघांनी उत्तर दिले आणि दोघांनीही माझे शेवटचे वाक्य तेवढे वाचलेले होते. त्यांतले एक काम मी चाळीस पैशांनी घेतले. एका औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णांकडून सही घेण्याचे ते संमतिपत्रक होते, यंत्राने मराठीत आणलेले. पहिली दोन पाने गुळगुळीत होती. डोळा सहज घसरत जाईल अशी. तिसऱ्या पानावर वाक्य होते : 'आपण कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता पैसे काढू शकता.' मी ते तीनदा वाचले. मूळ वाक्य चाचणीतून माघार घेण्याविषयी होते. पण माघार घेणे आणि बँकेतून पैसे काढणे यांना इंग्रजीत एकच क्रियापद चालते आणि यंत्राने त्यांतला चुकीचा अर्थ उचलला होता. एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या बाकावर बसलेली बाई हे वाक्य वाचेल, आपल्याला पैसे मिळणार असे समजेल आणि आपल्याला नको म्हणण्याचा हक्क आहे हे तिला कधी कळणारच नाही, हा विचार आल्यावर मी ते काम घाईने उरकू शकले नाही. मूळ इंग्रजी शेजारी लावून ओळीमागून ओळ वाचली. साडेचार हजार शब्दांना तीन दिवस लागले, अठराशे रुपये मिळाले आणि पुढच्या आठवड्यात त्याच एजन्सीची मेल आली, 'आपल्या चाळीस पैशांच्या दराने आणखी एक काम आहे.'

आपल्या दराने, असे तिने लिहिले होते.

एका अडलेल्या आठवड्यात, रात्री अकरा वाजता घाबरून दिलेली किंमत दुसऱ्याच्या वहीत माझी किंमत म्हणून नोंदली गेली होती आणि ती खोडण्याचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता. त्यापेक्षा ते काम न घेता बसून राहिले असते तर बरे, असे मी म्हणणार नाही. घरात हप्ते असतात, शाळेची फी असते, आणि कमी पैशांचे काम घेणाऱ्याला नावे ठेवण्याचा हक्क पोट भरलेल्या माणसाला नाही. पण पैसे कमी घ्यायचेच असतील तर ते ओळखीच्या माणसाकडून, एका कामापुरते, तसे सांगून घ्यावेत. आपल्या नेहमीच्या दराच्या जागी तो आकडा लिहून देऊ नये. मी त्या मेलला नकार कळवला. पाठवण्याचे बटण दाबताना हात गार पडला होता.

इस्त्रीवाल्या काकांची गाठ पडली ती यानंतर चार दिवसांनी. त्यांचे ते 'सवड कुठं घावती' डोक्यात घोळत असतानाच मला आजोळची विहीर आठवली.

माझे आजोळ दापोली तालुक्यातले. मागल्या दारी चिऱ्यांनी बांधलेली विहीर, तिच्यावर लाकडी रहाट, एका बाजूला पोफळी आणि दुसऱ्या बाजूला केळी. पावसाळ्यात ती काठोकाठ भरे, इतकी की वाकून तांब्याने पाणी घ्यावे. वैशाखात मात्र खाली खाली जात शेवटी गुडघाभर पाणी उरे आणि पोहरा खडकावर आपटल्याचा आवाज वर येई. आम्हा मुलांना त्या आवाजाची भीती वाटे. आजी हंड्यांवर फडकी बांधून ठेवी, अंघोळीचे पाणी मोजून देई. आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र त्या दिवसांत काळजीबरोबर एक प्रकारची तयारीही दिसे. दर दोन-तीन वर्षांनी, नेमक्या त्याच दिवसांत, ते गाळ काढायला माणसे सांगत. दोन जण दोराने खाली उतरत, उरलेले पाणी उपसून टाकत आणि मग घमेल्यांमागून घमेली वर येऊ लागत. काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ, आणि त्याचा वास कुजल्या पानांचा, लोखंडाचा आणि थंडीचा असा एकत्र. खालची मासोळी आम्ही घंगाळात ठेवून राखत असू. तो गाळ वाया जात नसे, केळीच्या आणि पोफळींच्या आळ्यांत पडे. एकदा मी आजोबांना विचारले होते की पाणी भरपूर असतानाच हे का नाही करत, म्हणजे अशी टंचाई होणार नाही. ते म्हणाले, "अगो, पाणी असताना विहिरीत उतरता येत नाही."

एका वर्षी त्या गाळातून आजीचा तांब्याचा लोटा निघाला. काळाठिक्कर पडलेला, एका बाजूने चेपलेला, पण तिचाच. सहा वर्षांपूर्वी तो दिसेनासा झाला होता आणि तो घरकामाला येणाऱ्या एका बाईंनी नेला, अशी आजीची समजूत होती. ती त्यांना कधी काही बोलली नव्हती; फक्त त्या आल्या की भांड्यांच्या फळीकडे तिची नजर जाई. लोटा वर आला तेव्हा त्या बाई तिथेच उभ्या होत्या, घमेली रिकामी करत. आजीने तो हातात घेतला आणि कितीतरी वेळ पदराने पुसत राहिली. त्या दुपारी तिने त्यांना जेवायला थांबवून घेतले, स्वतः वाढले. कारण कुणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

हे सगळे आठवले त्या दिवशी दुपारी मी कळफलक वाजवण्याचे थांबवले आणि घरात सांगून टाकले. जेवणाच्या ताटावर, सगळे असताना : दीड महिना झाला, माझ्याकडे काम नाही. नवरा काही क्षण गप्प राहिला, मग म्हणाला, "मला वाटलंच होतं, तू विचारलेलं आवडत नाही म्हणून गप्प होतो." सासूबाई म्हणाल्या, "मग त्या खोलीत एवढी टकटक कसली करत होतीस?" आणि माझे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी आम्ही खर्चाची वही काढून बसलो. २०२० च्या टाळेबंदीनंतर मी एक सवय लावून घेतली होती, आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले पंधरा दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि त्या खात्याचे कार्ड कपाटात ठेवायचे. माझी आजी पावसाळ्याआधी जी बेगमी करी, सुकी मासळी, पापड, वाळवणे, तिच्यावरून मी त्या खात्याला मनाशी बेगमी म्हणत असे. माझ्या वाटच्या घरखर्चाला ती चार महिने पुरणार होती. पीपीएफला हात लावायचा नाही, हे त्याच बैठकीत ठरले. संख्या कागदावर उतरल्यावर भीतीला कडा आल्या. चार महिने म्हणजे डिसेंबर. तोवर घाबरून कुणालाही मेल पाठवायची नाही, हे मी मनाशी पक्के केले.

दुसऱ्या दिवसापासून मी गाळ काढायला बसले. सर्वांत आधी बिले. कामाच्या धबडग्यात आम्ही मंडळी बिल पाठवतो आणि विसरतो; एक काम संपायच्या आत दुसरे सुरू होते आणि मागचे पैसे मागणे हे काहीसे हलकेपणाचेही वाटते. दोन वर्षांच्या मेल उलगडत गेले तेव्हा तीन ठिकाणी मिळून एक्केचाळीस हजार रुपये येणे निघाले. त्यांतल्या एका कंपनीने मार्चमधल्या कामाचे पैसे ऑगस्ट उलटत आला तरी दिले नव्हते आणि माझ्या दोन स्मरणपत्रांना उत्तर नव्हते. इथे मला २०२१ मध्ये सहज करून ठेवलेली एक गोष्ट उपयोगी पडली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारदरबारी होणारी नोंद, ही कारखानदारांची गोष्ट, अशी माझीही समजूत होती. पण सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही सूक्ष्म उद्योग म्हणून ती करता येते, आधार आणि पॅन लागते, पैसे लागत नाहीत. एकदा ती असली की २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा पाठीशी उभा राहतो. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते, आणि तक्रार घेऊन सुविधा परिषदेकडे जाता येते. त्यातच आयकर कायद्यात २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून नवे कलम लागू झाले : सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजावटीत धरता येत नाही. मी हे सगळे धमकीच्या सुरात लिहिले नाही. साध्या पत्रात नोंदणी क्रमांक दिला, काम स्वीकारल्याची तारीख दिली, दोन्ही कलमे दिली आणि ते हिशेब विभागाला पाठवले. आधीची पत्रे ज्यांनी काम दिले त्यांना जात होती. पैसे देणारे टेबल निराळे असते. बारा दिवसांत रक्कम जमा झाली. मात्र ही नोंदणी काम घेण्याआधी असावी लागते. मागाहून केलेली नोंदणी जुन्या बिलांना लागू होत नाही, असे न्यायालयांनी म्हटलेले आहे. म्हणून ती पाणी भरपूर असतानाच करून ठेवावी.

त्याच उत्खननात माझा लोटाही सापडला. पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनाने माझे साडेनऊ हजार रुपये बुडवले, असे मी दोन वर्षे धरून चालले होते. तसे बोलून दाखवले नव्हते, पण त्यांच्या कार्यक्रमांना जाणे बंद केले होते, आणि त्यांच्या संपादकबाई एका लग्नात भेटल्या तेव्हा नमस्कार करून बाजूला झाले होते. जुन्या मेल चाळताना दिसले की बिल माझ्या मसुद्यांमध्ये तसेच पडून होते. ते मी पाठवलेच नव्हते. पंख्याखाली बसूनही मला घाम फुटला. मग मी त्यांना फोन केला, काय झाले ते जसेच्या तसे सांगितले आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तुझं आता मोठ्या कंपन्यांत बस्तान बसलं, आमच्यासारख्यांची कामं तुला नकोत. म्हणून मीच विचारायची थांबले." पैसे आठवड्याभरात आले, पण त्या वाक्याने मला त्या पैशांहून जास्त काही दिले. काम ओसंडून वाहत होते त्या वर्षांत मी एकेका माणसाला अशी नकळत गमावत आले होते. कुणाला तीनदा 'या महिन्यात जमणार नाही' असे सांगितले की चौथ्यांदा तो विचारत नाही.

म्हणून मी एक यादी केली. एजन्सींची नव्हे, माणसांची. ज्यांच्याबरोबर मी कधीतरी काम केले होते आणि ज्यांचा आवाज मला आठवत होता, अशी तेवीस नावे निघाली. रोज दोघांना फोन. काम द्या असे मागण्यासाठी नव्हे, पण काम नाही हे लपवायचेही नाही. विचारले तर सांगायचे की सध्या हात मोकळे आहेत. पहिला फोन करायला मला अर्धा तास लागला, पाचवा सहज झाला. काही जण घाईत होते, एक जण वारले होते आणि मला कळलेच नव्हते. त्यांच्या पत्नीशी मी बराच वेळ बोलले. तेवीस फोनांतून कामे आली दोन, तीही महिन्याभराने. पण त्या महिन्याभरात मी मेलच्या खिडकीकडे बघत बसलेली नव्हते. अठरा वर्षांच्या कामातले शब्द काढून त्यांची विषयवार सूची केली. वैद्यकीय, बँकेचे, शेतीचे, कायद्याचे. त्यात माझेच जुने, घाईत पाडलेले बेढब शब्द सापडले आणि ते दुरुस्त करताना आपला हात पूर्वी कुठे चांगला चालत होता आणि कुठे नुसताच चालत होता, तेही दिसले. विवरणपत्र ३१ जुलैच्या आत भरलेले होते. कापलेल्या दहा टक्के टीडीएसचा परतावा ऑगस्टअखेर खात्यात आला, तो तसाच बेगमीत टाकला.

एक प्रश्न मात्र गाळ उपसून सुटत नव्हता आणि तो मी कितीही कामात असले तरी रात्री समोर येई. हा उन्हाळा आहे, की विहीरच आटली आहे? आजोबा गाळ निघाला की स्वतः खाली उतरून झऱ्यांपाशी हात धरून बसत. ईशान्येच्या कोपऱ्यात, दोन चिऱ्यांच्या फटीत, बोटाएवढा झरा होता. त्यावरचा गाळ सरला की तो बुडबुडत मोकळा होई आणि आजोबा वर बघून हसत. एका वर्षी तो हाताला लागला नाही. ते बराच वेळ खाली थांबले, वर आले, पाय धुतले आणि कुणाशी न बोलता पडवीत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणाड्याला बोलावले. तो परसभर हिंडला आणि शेवटी म्हणाला, पाणी आहे, पण खाली गेले आहे. त्या वर्षी कर्ज काढून विहीर चार हात खोल केली. मला तेवढे निर्विवाद सांगणारा कुणी पाणाड्या भेटला नाही. मी जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की मोबाइलवरच्या सूचना, वस्तूंच्या माहितीचे चिठोरे, एकसारख्या नियमावल्या, यांचे पाणी परत वर येणार नाही, आणि त्याची वाट पाहत काठावर बसणे हे स्वतःशी खोटे बोलणे आहे. जिथे चुकीच्या एका क्रियापदाने कुणाचे तरी नुकसान होते, किंवा जिथे वाक्य कुणाच्या तरी तोंडात बसावे लागते, तिथे अजून झरा आहे. पण त्यासाठी खोल जावे लागणार, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर पुन्हा खोल जाण्याचा कंटाळा येतो, भीती वाटते, हेही तितकेच खरे आहे. घटस्थापनेच्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली तेव्हा मी देवघरातल्या परडीत धान्य पेरून नुकतीच उठले होते. मनापासून आनंद झाला, लेकीला जवळ घेऊन सांगितले. आणि त्याच क्षणी, ज्या भाषेवर मी अठरा वर्षे पोट भरले तिचे आज माझ्याकडे दोनच दिवसांचे काम आहे, हेही आठवले. दोन्ही गोष्टी एकाच छातीत शेजारी शेजारी बसल्या होत्या.

ते दोन दिवसांचे काम म्हणजे यादीतल्या अकराव्या फोनाचे फळ होते. पशुपालनावर काम करणाऱ्या एका संस्थेला शेळ्या पाळणाऱ्या बायकांसाठी छोटी पुस्तिका हवी होती. त्यांच्याकडे यंत्राचा मसुदा होता आणि तो वाचून दाखवल्यावर बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, असे तिथल्या ताई म्हणाल्या. त्यांनी मला दीड रुपया देऊ केला, मी दोन मागितले, त्यांनी मान्य केले. मसुद्यात एका ठिकाणी होते : 'तीन महिन्यांनंतर पिल्लांचे स्तनपान क्रमशः बंद करावे व त्यांना मातेपासून विलग ठेवावे.' चूक काही नव्हते, पण हे वाक्य घेऊन कुणी गोठ्यात गेले नसते. मी त्याचे दोन-तीन पर्याय लिहिले आणि खोडले. माझे आजोळ गाईंचे. शेळ्यांचे मला फारसे ठाऊक नाही. संध्याकाळी कागद घेऊन खाली गेले. टपरीतले काका सांगोल्याकडचे, त्यांच्या भावाच्या घरी शेळ्या आहेत, हे मला अलीकडेच, माझ्या दिवसाच्या फेऱ्यांमुळे कळले होते. इस्त्री तापलेली होती, ओल्या फडक्यावरून वाफ उठत होती. मी वाक्य वाचून दाखवले. त्यांनी शर्टाची कॉलर पालथी घालत ऐकले. "मंजी दूध तोडायचं," ते म्हणाले. "करडांचं दूध तोडायचं, आन् शेळी रानातनं आली की करडं डालून ठेवायची."

"डालून म्हणजे?"

त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी हवेत एक मोठी गोल टोपली धरून ती पालथी घातल्यासारखे केले. "डालग्याखाली. न्हाईतर पिऊन टाकत्यात समदं." मी तिथेच, टपरीच्या फळीवर कागद ठेवून ते लिहून घेतले. कागदाला फळीची ऊब लागत होती.

खंडेनवमीला मी मेज पुसले. कळफलकावर, चष्म्यावर आणि दोन जुन्या शब्दकोशांवर हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले ठेवली आणि त्या दिवशी त्यांतल्या कशालाही हात लावायचा नाही म्हणून कपडे घेऊन खाली आले. टपरीही बंदच होती, म्हणजे उघडी होती पण काम नव्हते. फळीवर स्वच्छ पांढरा कपडा अंथरून मधोमध इस्त्री मांडली होती. पितळ इतके लखलखीत होते की तिच्या फुगीर कडेत माझा हात आणि मागचा रस्ता वाकडा होऊन दिसत होता. मुठीला आंब्याच्या पानांचे छोटे तोरण, समोर नारळ, उदबत्तीचा धूर. काकांनी नवी टोपी घातली होती. मी कपडे परत न्यायला वळले, तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच, उद्या करतो." आणि मग बत्तासा माझ्या हातावर ठेवत त्यांनी विचारले, "ताई, त्या पुस्तकात डालग्याचं लिवलं का?"

"लिहिलं," मी म्हणाले.

"चित्रबी घाला," ते म्हणाले, "शहरातली वाचत्याली तर त्यांना कळाय पायजे."

मी हो म्हणाले, आणि वर येऊन त्या ताईंना चित्राविषयी फोन लावला.